कुत्र्याची भाकरी

दख्खनच्या पठारावर ज्या घरांत अजूनही रोज ज्वारीच्या भाकरी थापल्या जातात, तिथे शेवटची भाकरी बहुधा आकाराने लहान निघते. परातीत उरलेल्या पिठाची ती असते आणि ती कुत्र्याची असते. सोलापूर, कलबुर्गी, बेळगाव, हैदराबाद या साऱ्या टापूत हे चित्र ओळखीचे आहे. इंदूर-ग्वाल्हेरकडे गेलेल्या मराठी घरांनी तिकडची रीत उचलली आणि पहिली पोळी गाईची, शेवटची कुत्र्याची असा क्रम लावून घेतला. दाराशी बसणाऱ्या कुत्र्याला मांस घालावे असे या घरांपैकी अनेकांच्या मनातही येत नाही. जे आपण खातो त्यातलेच त्याला मिळते.

अलीकडे शहरांतील शाकाहारी कुटुंबे मोठ्या हौसेने जातिवंत कुत्री पाळू लागली, आणि एक प्रश्न वारंवार विचारला जाऊ लागला. कुत्र्याला मांसाविना ठेवणे योग्य आहे काय? एक बाजू म्हणते की कुत्रा म्हणजे माणसाळलेला लांडगा, त्याला भाकरी घालणे हा अत्याचार आहे. दुसरी बाजू म्हणते की आमच्या गावची कुत्री पिढ्यान्‌पिढ्या भाकरीवरच जगली आहेत. दोन्ही बाजू आपापल्या परीने प्रामाणिक आहेत आणि दोघींचेही म्हणणे अपुरे आहे. या प्रश्नाला एक इतिहास आहे. तो पॅरिसच्या प्रयोगशाळेतून, अमेरिकेच्या दक्षिणेकडील वेड्यांच्या इस्पितळातून आणि आपल्या हैदराबादेतून जातो. त्या वाटेने गेले की ध्यानात येते, कुत्र्याच्या ताटलीचा प्रश्न केवळ कुत्र्यापुरता कधीच नव्हता. तो ज्याच्या वाट्याला एकच एक धान्य येते अशा प्रत्येक जिवाचा प्रश्न होता.

घास आणि उष्टे

आपल्या धर्मशास्त्राने कुत्र्याचा घास फार पूर्वी नेमून दिला. वैश्वदेवानंतर गृहस्थाने कोणाकोणासाठी अन्न काढून ठेवावे हे सांगताना मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात एक यादी येते. कुत्रे, पतित, श्वपच, पापरोगी समजले गेलेले लोक, कावळे आणि कृमी यांच्यासाठी अन्न हळूच जमिनीवर ठेवावे, असा तो विधी आहे. श्राद्धातील पंचबलींत आजही श्वानबली असतो. या यादीकडे आपण सहसा भूतदयेचा पुरावा म्हणून पाहतो, आणि ती भूतदया आहेच. पण यादी पुन्हा एकदा वाचावी. कुत्रा आणि गावाबाहेर टाकलेला माणूस एकाच श्लोकात, एकाच जमिनीवरच्या अन्नाचे वाटेकरी म्हणून शेजारी उभे आहेत.

गावगाड्यात ही शेजारणी कायम राहिली. महारांच्या वाट्याला गावकीच्या कामाच्या बदल्यात घरोघरची शिळी भाकरी येई, आणि मेलेले ढोर ओढून नेण्याचे कामही त्यांच्याकडेच असे. त्या ढोराच्या मांसावर गावची कुत्रीही जगत. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृतमांस आणि उष्ट्याशिळ्या तुकड्यांवर जगणे सोडून द्या असे आपल्या बांधवांना सांगितले, तेव्हा त्यांनी नेमका हाच संबंध तोडायला सांगितले होते. ‘तुकडा टाकणे’ हा आपल्या भाषेतील शब्दप्रयोग कुत्र्यासाठी आणि माणसासाठी सारखाच वापरला जातो, हे विसरता येत नाही.

यातून एक साधी गोष्टही स्पष्ट होते. गावचे कुत्रे ‘भाकरीवर जगते’ हे अर्धेच खरे आहे. भाकरी हा त्याचा मालकाने दिलेला आहार झाला. उरलेला आहार ते स्वतः मिळवत असे: उकिरडा, मेलेले जनावर, उंदीर-घुशी, शेतातले किडे, आणि सांगायला संकोच वाटला तरी माणसाची विष्ठाही. सोलापूरजवळ नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या परिसरात अबी तमीम वनक आणि मॅथ्यू गॉम्पर या संशोधकांनी गावकुत्र्यांच्या आणि खोकडांच्या आहाराची तुलना केली व ती २००९ साली प्रसिद्ध केली. एकाच माळावर फिरूनही दोघांचे अन्न वेगळे होते. खोकड रानातले खात होते, तर कुत्र्यांच्या पोटात मुख्यतः माणसाकडून आलेले अन्न होते. म्हणजे गावकुत्रा हा शिकारी प्राणी राहिलेला नाही हे खरे, पण त्याला फक्त भाकरी खाणारा वैष्णव म्हणणे हेही आपल्या भाबडेपणाचेच लक्षण आहे.

लांडग्याचा कुत्रा कसा झाला

कुत्रा आणि लांडगा यांच्यातील अंतर किती, हे २०१३ साली काहीसे मोजता आले. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठातील एरिक ॲक्सेलसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुत्र्यांचे व लांडग्यांचे जनुक ताडून पाहिले आणि निष्कर्ष ‘नेचर’ या नियतकालिकात मांडले. पिष्टमय पदार्थ पचवणारे अमायलेज नावाचे विकर स्वादुपिंडात तयार होते. ते तयार करणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोनच प्रती आढळल्या. कुत्र्यांत त्या चारपासून तीसपर्यंत होत्या.

माणूस शेती करू लागला, त्याच्या वस्तीभोवती खरकटे साचू लागले, आणि ते खरकटे ज्यांना पचले ती कुत्री त्या वस्तीत टिकली, असा याचा ढोबळ अर्थ लावला जातो. त्यानंतरच्या अभ्यासांनी त्याला आणखी आधार दिला. जिथे शेती उशिरा पोचली किंवा पोचलीच नाही, अशा प्रदेशांतील कुत्र्यांत या प्रती कमी आढळल्या. उत्तर ध्रुवाकडील हस्की आणि ऑस्ट्रेलियातील डिंगो ही त्याची ठळक उदाहरणे. माणसाने धान्य पेरले आणि त्या धान्याने माणसाबरोबर कुत्र्याचेही शरीर घडवले. भाकरी हा कुत्र्यावर लादलेला परका पदार्थ नाही. हजारो वर्षांच्या सहवासाची ती खूण आहे.

पण धान्य पचवता येणे आणि केवळ त्या धान्यावर जगता येणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हा फरक माणसाला कळला तो कुत्र्यांना एकच एक अन्न खायला घालून, आणि त्याची किंमत कुत्र्यांनी मोजली.

पॅरिसमधील साखर

१८१६ साली फ्रान्स्वा माजांदी या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाने एका कुत्र्याला फक्त शुद्ध पांढरी साखर आणि ऊर्ध्वपातित पाणी देण्यास प्रारंभ केला. नायट्रोजन नसलेल्या अन्नावर प्राणी जगतो काय, हे त्याला पाहायचे होते. पहिला आठवडा कुत्रा आनंदात होता. दुसऱ्या आठवड्यात तो रोडावू लागला. तिसऱ्या आठवड्यात त्याच्या डोळ्याच्या बुबुळावर व्रण उमटला. बत्तिसाव्या दिवशी तो मेला. ऑलिव्हचे तेल, डिंक, लोणी यांवर ठेवलेल्या कुत्र्यांचीही गत फारशी वेगळी झाली नाही.

आजच्या वाचकाला हे क्रौर्य वाटेल आणि ते क्रौर्य होतेच. माजांदीच्या हयातीतच त्याच्या जिवंत प्राण्यांवरील प्रयोगांविरुद्ध इंग्लंडमध्ये मोठा गदारोळ झाला होता. पण त्याच्या पुढच्या प्रयोगांमागे कोण होते हेही पाहिले पाहिजे. त्या काळी पॅरिसच्या इस्पितळांतील गरीब रुग्णांना हाडांपासून काढलेल्या जिलेटिनचे सूप पाजले जात होते. स्वस्त आणि पौष्टिक म्हणून त्याचा गवगवा होता. ते खरोखर पोषक आहे काय हे ठरवण्यासाठी विज्ञान अकादमीने नेमलेल्या समितीचा माजांदी प्रमुख होता. समितीने १८४१ साली अहवाल दिला. केवळ जिलेटिनवर कुत्री जगत नाहीत, असा त्याचा निर्वाळा होता. गरिबाच्या वाडग्यातले आधी कुत्र्याच्या वाडग्यात तपासले गेले.

त्याच अहवालातील एक नोंद आपल्या विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. बारीक दळलेल्या पांढऱ्या पिठाचा पाव आणि पाणी एवढ्यावर ठेवलेले कुत्रे पन्नास दिवसांपलीकडे जगले नाही. शिपायांना मिळणाऱ्या जाड्याभरड्या पिठाच्या पावावर ठेवलेले कुत्रे मात्र जगले. दोन्ही पाव गव्हाचेच होते आणि दोन्ही शाकाहारीच होते. फरक कोंड्याचा होता. कोंड्यात काय असते हे सांगायला विज्ञानाला आणखी सत्तर-ऐंशी वर्षे लागणार होती.

मुडदूस आणि वेड

ही उणीव कसली, याचा माग काढणाऱ्यांत एडवर्ड मेलनबी हे ब्रिटिश शास्त्रज्ञ होते. इंग्लंडच्या औद्योगिक शहरांत गरिबांच्या मुलांना मुडदूस मोठ्या प्रमाणावर होत असे. पहिल्या महायुद्धाच्या काळात लंडनमध्ये मेलनबींनी कुत्र्याच्या पिलांना घरात ठेवून धान्य आणि साय काढलेले थोडे दूध यांवर वाढवले. पिलांचे पाय वाकू लागले आणि हाडे मऊ पडली. लोणी दिलेल्या पिलांचे पुष्कळ संरक्षण झाले, आणि कॉड माशाच्या यकृताच्या तेलाने सर्वांत जास्त. १९१९ साली त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या शोधाची ही महत्त्वाची पायरी ठरली. धान्यांतही ओटच्या पिठाने मुडदूस अधिक बळावतो असे त्यांना दिसले. धान्यातील फायटिक आम्ल कॅल्शियम अडवून ठेवते, हे कारण पुढे स्पष्ट झाले.

पुढे याच मेलनबींनी कुत्र्यांचे आणखी एक कोडे सोडवले. १९२० च्या दशकापासून अमेरिका आणि ब्रिटनमध्ये पाळीव कुत्र्यांना एक विचित्र आजार होई. कुत्रे एकाएकी भेदरून भुंकत सैरावैरा पळे, भिंतीवर आदळे आणि झटके येऊन पडे. त्या काळी कुत्र्यांना पावाचे तुकडे आणि पिठाची बिस्किटे सर्रास घातली जात. जंतू, कृमी, जीवनसत्त्वांचा अभाव असे अनेक तर्क झाले. १९४६ साली मेलनबींनी दाखवले की दोष गव्हाचा नव्हता. गिरण्यांत पीठ पांढरेशुभ्र करण्यासाठी नायट्रोजन ट्रायक्लोराइड हा वायू वापरला जाई, आणि त्याने संस्कारित पीठ खाल्लेल्या कुत्र्यांना हे झटके येत. तोच पाव माणसेही खात होती. माणसांत असा आजार सिद्ध झाला नाही, तरी पुढे अमेरिकेत आणि नंतर ब्रिटनमध्ये ही पद्धत सोडून देण्यात आली. ज्यांच्या घरात कुत्रे भेदरून पळत होते, त्यांनी वर्षानुवर्षे त्याला वेडे ठरवले. त्याच्या पावाकडे पाहण्याचे फार थोड्यांना सुचले.

काळी जीभ

आता अमेरिकेच्या दक्षिणेकडे वळले पाहिजे. विसाव्या शतकाच्या आरंभी तेथील कापूस पिकवणाऱ्या प्रांतांत पेलाग्रा नावाच्या रोगाने थैमान घातले होते. उन्हात उघड्या राहणाऱ्या कातडीवर चट्टे उठत, गळ्याभोवती हारासारखी काळी पट्टी दिसे, जुलाब लागत, बुद्धिभ्रंश होई आणि अखेर मृत्यू येई. खंडाने शेती करणारी कुटुंबे, गिरणी कामगार, अनाथाश्रमातील मुले आणि वेड्यांच्या इस्पितळातील रोगी हे त्याचे मुख्य बळी होते. त्यांचे अन्न म्हणजे मक्याचे पीठ, काकवी आणि डुकराची चरबी. त्याच प्रांतांत मक्याची भाकरी खाणाऱ्या शिकारी कुत्र्यांना एक आजार होई. तोंड लाल होऊन जीभ काळी-निळी पडे, लाळ गळे, दुर्गंधी येई, अन्न सुटे आणि कुत्रे मरे. लोक त्याला ‘काळी जीभ’ म्हणत. माणूस आणि कुत्रा एकाच भांड्यातले खात होते आणि एकाच रोगाने मरत होते. पण ते ध्यानात यायला अर्धे शतक लागले.

१९१७ साली येल विद्यापीठात रसेल चिटेंडन आणि फ्रँक अंडरहिल यांनी कुत्र्यांना शिजवलेले वाटाणे, बिस्किटांचा चुरा आणि सरकीचे तेल असा सर्वस्वी शाकाहारी आहार दिला. चिटेंडन हे मांसाहाराचे आंधळे पुरस्कर्ते नव्हते. माणसाला समजले जाते त्याहून बरेच कमी प्रथिन पुरते, असे मत त्यांनी आधी हिरीरीने मांडले होते. पण या आहारावरील कुत्री आजारी पडली. त्यांची लक्षणे पेलाग्राशी जुळत होती, आणि मांस दिले की आजार टळे. अमेरिकन सरकारच्या आरोग्य सेवेतील जोसेफ गोल्डबर्गर १९१४ पासून पेलाग्राच्या मागे लागले होते. हा रोग जंतूंचा नाही, दारिद्र्याच्या ताटाचा आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता. येलमधील कुत्र्यांचा आजार, दक्षिणेतील कुत्र्यांची काळी जीभ आणि माणसाचा पेलाग्रा हे एकाच कुळातले, अशी मांडणी त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९२२ पासून केली. भूक वाढावी म्हणून कुत्र्यांना यीस्ट दिले, तर त्यांचा रोगच बरा झाला. १९२७ साली मिसिसिपी नदीला महापूर आला, तेव्हा पेलाग्राग्रस्तांना रेडक्रॉसने तेच यीस्ट वाटले.

गोल्डबर्गर १९२९ मध्ये वारले. १९३७ साली विस्कॉन्सिन विद्यापीठात कॉनराड एल्व्हेजेम यांनी यकृतातून निकोटिनिक आम्ल वेगळे केले आणि काळ्या जिभेच्या कुत्र्याला दिले. मिलिग्रॅममध्ये मोजावी एवढीच मात्रा होती, पण मरणपंथाला लागलेले कुत्रे खाऊ लागले. लवकरच तेच औषध माणसांना दिले गेले आणि पेलाग्राचे रहस्य उलगडले. याला आज आपण नायसिन म्हणतो.

मांस खाल्ल्याने आजार टळे, यावरून ‘मांस हवेच’ असा निष्कर्ष निघत नाही, कारण यीस्टनेही तो टळत होता आणि यीस्ट हे काही मांस नव्हे. मक्यात नायसिन असते, पण ते बांधलेल्या स्वरूपात असते. शरीर ज्यापासून स्वतः नायसिन बनवू शकते ते ट्रिप्टोफॅन मक्यात तोकडे असते. मेक्सिकोतील बायका पिढ्यान्‌पिढ्या मका चुन्याच्या पाण्यात शिजवून त्याच्या पोळ्या लाटत आल्या. चुन्याने हे नायसिन मोकळे होते. मका जगभर गेला, पण चुन्याचे पाणी त्याच्याबरोबर गेले नाही.

हैदराबादची ज्वारी

ही कथा इथे थांबली असती तर ती आपल्याला परकीच वाटली असती. पण ती आपल्या दारात येते. कुन्नूर येथील पोषणविषयक प्रयोगशाळा १९५८ साली हैदराबादेत आली. पुढे १९६९ मध्ये तिला राष्ट्रीय पोषण संस्था हे नाव मिळाले. डॉ. सी. गोपालन तिचे संचालक होते. हैदराबादच्या इस्पितळांत येणारे पेलाग्राचे रोगी पाहताना त्यांना एक गोष्ट खटकली. जगभर पेलाग्रा हा मका खाणाऱ्यांचा रोग मानला जाई. दख्खनमधले हे रोगी मका खाणारे नव्हते. ते ज्वारी खाणारे होते.

ज्वारीत ट्रिप्टोफॅन मक्याइतके कमी नसते आणि तिचे नायसिनही तसे बांधलेले नसते. मग रोग का? १९६० साली गोपालन आणि श्रीकांतय्या यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एक विचार मांडला. ज्वारीत आणि मक्यात ल्यूसीन हे ॲमिनो आम्ल भरपूर असते, आणि त्याचे आधिक्य नायसिनच्या चयापचयात बाधा आणते. त्यानंतर १९६५ साली गोपालन आणि त्यांच्या सहकारी बी. बेळवडी यांनी ज्वारीयुक्त आहारावर कुत्र्यांना काळी जीभ होते असे दाखवले. ल्यूसीनचा सिद्धांत पुढे वादाचा ठरला. अन्यत्र कुत्र्यांवर झालेल्या प्रयोगांत त्याला दुजोरा मिळाला नाही. शास्त्रातील वाद तसा अजून पुरता मिटलेला नाही. पण ज्या लोकांत पेलाग्रा दिसला, त्यांच्या ताटात ज्वारीखेरीज फारसे काही नसे, हे निरीक्षण मात्र अढळ राहिले.

दख्खनच्या माणसाला हे वाचताना क्षणभर राग येतो. ज्वारीच्या भाकरीने आपल्याला वाढवले, आणि तिच्यावर हा आरोप? पण आरोप भाकरीवर नाही. भाकरीबरोबर वरण असते, ताक असते, पालेभाजी असते, शेंगदाण्याची चटणी असते, तेव्हा ती पूर्णान्न होते. पेलाग्रा झाला तो ज्यांच्या भाकरीबरोबर मिरचीखेरीज काही नव्हते त्यांना. मजुरी आटली की आधी वरण सुटते, मग ताक, मग भाजी, आणि अखेरीस भाकरी एकटी उरते. प्रयोगशाळेतल्या कुत्र्यापुढे जी ताटली मुद्दाम ठेवली गेली, तीच मजुराच्या झोपडीत परिस्थितीने ठेवली होती. पुढील दशकांत आहारात वैविध्य आले आणि ज्वारीवरचे एकांगी अवलंबन कमी झाले, तसा हा रोग विरळ होत गेला.

आजची ताटली

आता मूळ प्रश्नाकडे परत येता येईल. कुत्र्याला शाकाहारी ठेवावे काय? कुत्रे गाजरातील कॅरोटीनपासून ‘अ’ जीवनसत्त्व बनवू शकते, ट्रिप्टोफॅनपासून नायसिन बनवू शकते आणि टॉरिनही सामान्यतः स्वतःच तयार करते. मांजराला यातले बहुतेक जमत नाही. म्हणून मांजराला शाकाहारी करण्याचा हट्ट धरू नये. कुत्र्याबाबत मार्ग पूर्ण बंद नाही. २००९ साली ऑस्ट्रेलियात स्पर्धेत धावणाऱ्या बारा सायबेरियन हस्की कुत्र्यांवर सोळा आठवड्यांचा एक प्रयोग झाला. निम्म्या कुत्र्यांच्या अन्नातून मांस पूर्ण काढून सोयाबीन आणि मक्याचे प्रथिन वापरले गेले. त्यांच्या रक्ताच्या तपासण्या निकोप राहिल्या. ज्यांच्या पूर्वजांना धान्य फारसे माहीत नव्हते अशा जातीची ही कुत्री होती. पण ते अन्न तज्ज्ञांनी प्रत्येक घटक मोजून बनवलेले होते. बारा कुत्री आणि सोळा आठवडे म्हणजे आयुष्य नव्हे, याचीही जाणीव ठेवली पाहिजे. दीर्घकाळ चाललेले असे नियंत्रित प्रयोग अजून फार थोडे आहेत.

घरच्या घरी दूध-भाकरी कुस्करून घालणाऱ्याने मात्र सावध असावे. ‘ब-१२’ वनस्पतींत मिळत नाही. कुत्र्याची त्वचा उन्हात माणसासारखे पुरेसे ‘ड’ जीवनसत्त्व बनवत नाही. वाढत्या पिलाला कॅल्शियम आणि फॉस्फरस योग्य प्रमाणात लागतात. पूर्वी उकिरड्यावर, माळावर आपले आपण भागवणारे कुत्रे आज तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत साखळीला बांधलेले असते. त्याला उंदीर मिळत नाही की मेलेले ढोर मिळत नाही. त्याच्या आजोबाला जी भाकरी पुरली, ती भाकरी एकटी नव्हती. नातवाला मात्र ती एकटीच मिळते. शाकाहारी घराने कुत्रा पाळू नये असे नाही. अंडे चालत असेल तर अंडे, नाहीतर डाळ, दूध, पशुवैद्याच्या सल्ल्याने पूरक औषधे, आणि वर्षातून एकदा तपासणी, एवढी जबाबदारी घ्यावी लागते.

जबाबदारीचा हा मुद्दा महात्मा गांधींनी फार कठोरपणे मांडला होता. १९२६ साली अहमदाबादेतील एका गिरणीमालकाने आपल्या आवारातील साठ भटकी कुत्री मारून टाकली आणि गांधीजींनी त्याचे समर्थन केले. तेव्हा भूतदया मानणाऱ्या गुजरातेत खळबळ उडाली. त्यावर त्यांनी ‘यंग इंडिया’त अनेक आठवडे लेखमाला लिहिली. कुत्र्यांना मारण्याबाबतची त्यांची भूमिका आज अनेकांना पटणार नाही. पण त्या लेखांतील एक विचार टाळता येत नाही. रस्त्यावरच्या कुत्र्याला तुकडा टाकून निघून जाणे ही दया नव्हे. कुत्रा हवा असेल तर त्याला घरचा करा, त्याचे सारे पाहा. तुकडा टाकणाऱ्याला पुण्य मिळते आणि कुत्र्याला तुकडा. त्यापुढचे कोणी पाहत नाही, हे त्यांना सलत होते.

नामदेवांची गोष्ट आपण सारे लहानपणापासून ऐकत आलो. कुत्र्याने भाकरी पळवली, तेव्हा नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले, कारण देवाने कोरडी भाकरी कशी खावी? ही गोष्ट आपण सर्वांभूती ईश्वर पाहण्याचा दाखला म्हणून सांगतो, आणि तिचा अर्थ तोच आहे. पण माजांदीचा पांढरा पाव, मेलनबींची साय काढलेल्या दुधावरची पिले आणि हैदराबादेतील ज्वारीवरची कुत्री यांच्याविषयी वाचल्यानंतर त्या गोष्टीतला एक तपशील नव्याने दिसू लागतो. भाकरी कुत्र्याकडे गेली याचे नामदेवांना काहीच वाटले नाही. त्यांना वाटले ते भाकरी कोरडी आहे याचे. आपल्या परंपरेने कुत्र्याला आणि गावकुसाबाहेरच्या माणसाला शतकानुशतके भाकरी दिली. पण ती कोरडी आहे काय, हे विचारायला तुपाची वाटी घेऊन फार थोडे लोक धावले.